सहा जण, प्रत्येकाचे दोन पेपर

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या टेबलापाशी आली. हातात प्रिंटआउटचा जाडजूड गठ्ठा. विषय कांद्याची साठवणूक, पीएच.डी.चं पहिलं वर्ष, घर लासलगावच्या बाजूचं. गाइडनी सांगितलं होतं, आधी आजवरचं सगळं वाचून काढ. "मॅडम, सर्च मारला की शेकडो पेपर येतात. यातलं आधी काय वाचू? आणि हे लोक एकमेकांचं वाचतात तरी का?"

पहिला प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. दुसरा मात्र मला फार आवडला. त्याचं उत्तर शोधणारं एक आख्खं शास्त्र आहे, आणि ते समजून घ्यायला फार गणित लागत नाही. त्याला सोशल नेटवर्क ॲनालिसिस म्हणतात. नाव ऐकून फेसबुक-इन्स्टाग्राम आठवतं, पण हे शास्त्र त्यांच्या कितीतरी आधीचं आहे. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३०च्या दशकात शाळेतल्या मुलांना विचारलं, तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? आलेल्या उत्तरांवरून त्याने ठिपक्यांची आणि बाणांची चित्रं काढली. हजेरीपटात जे कधी दिसत नाही ते त्या चित्रांत दिसलं: कोणाभोवती घोळका आहे, आणि कोण कोपऱ्यात एकटं पडलंय.

संशोधनाच्या पेपरांनाही हेच लागू करता येतं. पेपरांची यादी म्हणजे हजेरीपट. कोण कोणाबरोबर लिहितो आणि कोण कोणाचा आधार घेतो, हे दिसायला चित्र काढावं लागतं.

माझ्या ड्रॉवरमध्ये जुन्या कॅटलॉगची कार्डं आहेत, तळाशी मधोमध भोक असलेली. संगणक आल्यावर ती निरुपयोगी झाली, पण पाठकोरी असल्यामुळे मी टाकली नाहीत. त्यातलं एक काढलं आणि तिला म्हटलं, बस अगं, आधी सहाच माणसं घेऊ.

समजा अ, ब आणि क हे कांद्याच्या रोगांवर काम करतात: सड का लागते, कोणती बुरशी कधी येते, वगैरे. ड, इ आणि फ हे इंजिनिअर. त्यांचं काम कांदा साठवायच्या चाळीची रचना, हवा खेळती कशी राहील, तापमान किती असावं, याचं. या सहा जणांचे मिळून पाच पेपर आहेत. पहिला अ, ब, क यांनी मिळून लिहिला. दुसरा अ आणि ब यांनी. तिसरा क आणि ड यांनी. चौथा ड, इ, फ यांनी आणि पाचवा इ आणि फ यांनी.

आता मोजा. प्रत्येकाच्या नावावर दोनच पेपर येतात, ना कोणाचा एक जास्त, ना कोणाचा एक कमी. नोकरीच्या अर्जात लिहायचं तर सहाही जण सारखेच.

मग कार्डावर सहा ठिपके काढले आणि ज्यांनी एकत्र पेपर लिहिला त्यांच्यात रेघ ओढली. डावीकडे अ-ब-क असा त्रिकोण झाला, उजवीकडे ड-इ-फ असा त्रिकोण, आणि मध्ये क पासून ड पर्यंत एकच रेघ. सहा जणांच्या १५ जोड्या होतात. त्यातल्या ७ जोड्या थेट जोडलेल्या आहेत. उरलेल्या ८ जोड्यांना मध्यस्थ लागतो. त्या ८ पैकी ६ जोड्यांची वाट क वरून जाते आणि ६ जोड्यांची ड वरून (काही वाटा दोघांवरूनही जातात). अ, ब, इ आणि फ यांच्यावाचून मात्र कोणाचंच अडत नाही. यादीत सगळे सारखे, चित्रात दोघं वेगळे.

ती कार्डाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी तिसरा पेपर आधी वाचायचा?"

अगदी बरोबर. तिला बुरशी आणि चाळ दोन्ही समजून घ्यायचं होतं, आणि या दोन्ही भाषा एकत्र बोलणारा पेपर तो एकच होता. तो अख्ख्या जगातला सर्वोत्तम पेपर असेल असं नाही. पण तिथे उभं राहिलं की दोन्ही काठ दिसतात.

काठ म्हटल्यावर गोदावरी आठवते, आणि नाशिककरांना हे शास्त्र समजावण्याचा माझा आवडता मार्गही तोच आहे. एखादा ठिपका महत्त्वाचा आहे म्हणजे नेमकं काय, याची उत्तरं अनेक आहेत. द्वारका चौक घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता आणि शहरातले रस्ते तिथे येऊन मिळतात. पुष्कळ रस्ते मिळतात म्हणून तो मोठा. नेटवर्कच्या भाषेत याला डिग्री म्हणतात, म्हणजे एका ठिपक्याला किती रेघा लागल्यात ते. आता होळकर पूल घ्या, जुनी माणसं ज्याला व्हिक्टोरिया पूल म्हणत तो. त्याला रस्ते दोनच, एक अलीकडे, एक पलीकडे. पण तो एक दिवस बंद ठेवून बघा. रविवार कारंज्यावरून पंचवटीत जाणाऱ्या प्रत्येकाला वळसा पडेल. इतरांच्या किती वाटा आपल्यावरून जातात, या मापाला बिटवीननेस म्हणतात. लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली ते नीट मांडलं. माझ्या कार्डावरचे क आणि ड म्हणजे असे पूल.

(ठिपके आणि रेघा यांचं गणितही पुलांवरूनच सुरू झालं. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, हे कोडं ऑयलर या गणितीने १७३६ साली सोडवलं. उत्तर आलं, येत नाही. ते शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड.)

संशोधनात मला चौकापेक्षा पूल जास्त मोलाचे वाटतात. एकाच गटातली माणसं एकमेकांना आधीच माहीत असलेलं पुन्हा पुन्हा सांगतात. नवी गोष्ट बहुधा बाहेरून येते, आणि ती येते जेमतेम ओळखीच्या माणसाकडून. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नोकऱ्यांच्या बाबतीत हेच दाखवलं. नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते. कांद्याचंही तसंच आहे. साठवणुकीत कोंब फुटू नये म्हणून त्यावर गॅमा किरणांचा मारा करता येतो. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर उभारलेलं 'कृषक' हे केंद्र लासलगावातच आहे. किरणांचा अभ्यास करणारे, बुरशीचा अभ्यास करणारे, चाळी बांधणारे आणि बाजारभावाचा अभ्यास करणारे अशा चार वेगवेगळ्या गल्ल्यांतली माणसं एकाच कांद्याबद्दल लिहितात. त्यांच्यात पूल आहेत की नाहीत, हे यादी वाचून कळत नाही.

इथवर आपण एकत्र लिहिणाऱ्यांचं बोललो. दुसरं जाळं संदर्भांचं, म्हणजे सायटेशनचं. लग्नाच्या भाषेत सांगते. एकत्र पेपर लिहिणारे म्हणजे पत्रिकेत 'आपले विनीत' म्हणून खाली ज्यांची नावं छापतात ते. पेपरच्या शेवटी दिलेले संदर्भ म्हणजे आमंत्रितांची यादी. विनीत मंडळींचं नातं दोन्ही बाजूंनी असतं. आमंत्रण मात्र एकाच दिशेने जातं. मी तुमचा पेपर उद्धृत केला म्हणून तुम्ही माझा करालच असं नाही, आणि तुमचा पेपर २०१० सालचा आणि माझा २०२० सालचा असेल तर त्या पेपरात ते शक्यच नाही. म्हणून या रेघांना बाण लागतात, आणि ते काळाच्या उलट दिशेने जातात.

हे जाळं विणता आलं ते युजीन गारफिल्ड यांच्यामुळे. त्यांनी १९५५ साली कल्पना मांडली आणि १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. कोणत्या पेपरने कोणाचा संदर्भ दिला हे उलटं शोधता येईल अशी ती सूची होती. लगेच पुढच्या वर्षी, १९६५ साली, डेरेक डी सोला प्राइस यांनी त्या आधारावर विज्ञानाच्या पेपरांकडे जाळं म्हणून पाहिलं. ग्रंथपाल म्हणून इथे एक अभिमानाची गोष्ट नोंदवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ग्रंथालयाच्या कामात मोजमाप आणि संख्याशास्त्र आणायला हवं, असं सांगून आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी त्याला 'लायब्रमेट्री' हे नाव १९४८ सालीच दिलं होतं. आज जगभर रूढ झालेला बिब्लिओमेट्रिक्स हा शब्द त्यानंतर २१ वर्षांनी, १९६९ साली आला.

संदर्भांच्या यादीतून आणखी दोन नाती काढता येतात, आणि विद्यार्थी या दोहोंची फार गल्लत करतात. पहिलं असं: दोन लग्नांच्या आमंत्रणाच्या याद्या समोरासमोर ठेवल्या आणि दोन्हीत तीच तीच नावं दिसली, तर ती दोन घरं एकाच भावकीतली असावीत असं आपण म्हणू. दोन पेपरांच्या संदर्भयादीत सारखेच पेपर असतील तर ते जवळचे. ही केसलर यांची १९६३ सालची कल्पना, बिब्लिओग्राफिक कपलिंग. दुसरं असं: दोन माणसांचा तुम्हाला काहीच पत्ता नाही, पण गावातल्या दर लग्नाच्या यादीत ती दोघं बरोबरच असतात. मग त्यांचं काहीतरी नातं आहे, असं तिसऱ्याच्या यादीवरून कळतं. हे को-सायटेशन. हेन्री स्मॉल यांनी ते १९७३ साली मांडलं, आणि त्याच वर्षी मार्शाकोवा यांनीही स्वतंत्रपणे.

फरक महत्त्वाचा आहे. पेपर छापला गेला की त्याची संदर्भयादी बदलत नाही. त्यामुळे दोन पेपरांमधलं पहिलं नातं दोन्ही छापून आले की तिथेच ठरून जातं. दुसरं नातं पुढे कोण कोण त्यांचा एकत्र उल्लेख करतो त्यावर वाढत जातं किंवा कोमेजतं. म्हणून आज कोणत्या विषयावर काम चाललंय हे बघायचं असेल तर पहिली पद्धत, आणि क्षेत्राचा पाया कोणत्या जुन्या कामांवर उभा आहे हे बघायचं असेल तर दुसरी. आमच्या कांद्यावाल्या मुलीला सुरुवातीला दुसरी हवी होती.

संदर्भांचं जाळं काढलं की एक गोष्ट दर वेळी दिसते. थोड्या पेपरांकडे बाणांची झुंबड, आणि बाकी बहुतेकांकडे चार-दोन बाण किंवा तेही नाहीत. पैशाकडे पैसा जातो, तसं संदर्भाकडे संदर्भ जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली याला मॅथ्यू इफेक्ट हे नाव दिलं. प्राइस यांनी १९७६ साली त्याचं गणित मांडलं, आणि १९९९ साली बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी तेच तत्त्व इंटरनेटसारख्या जाळ्यांतही काम करतं हे दाखवलं. म्हणजे खूप उद्धृत झालेला पेपर चांगला असेलही, पण तो आधी नजरेत आला म्हणून पुढेही नजरेत येत राहिला, हा भाग त्यात असतोच.

आता हे सगळं सहा ठिपक्यांवरून लाखोंवर नेलं तर? भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ साली तेच केलं. मेडलाइन या वैद्यकीय डेटाबेसमधले १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतले २० लाखांहून जास्त पेपर घेतले आणि त्यांच्या लेखकांचं जाळं विणलं. सुमारे ९२ टक्के लेखक एकाच सलग जाळ्यात सापडले, आणि त्यातल्या कोणत्याही दोघांमधलं सरासरी अंतर निघालं साडेचार पावलांच्या आसपास. म्हणजे नाशिकच्या एखाद्या डॉक्टरने एकच पेपर कोणाबरोबर लिहिला असेल, तरी तो जगातल्या बहुतेक वैद्यकीय संशोधकांपासून चार-पाच ओळखींच्या अंतरावर असण्याची शक्यता मोठी.

आकडे मोठे झाले की फसगतही मोठी होते. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा एक पेपर आला. त्याचे लेखक होते ५,१५४, आणि ३३ पानांपैकी २४ पानं नुसत्या नावांची. आपल्या कार्डाच्या नियमाने यातल्या प्रत्येक जोडीत रेघ ओढली तर एकट्या पेपरमुळे १ कोटी ३२ लाखांहून जास्त रेघा होतात. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नसणार. म्हणून रेघ ओढताना तिची जाडी ठरवावी लागते. दोघांनीच मिळून लिहिलं असेल तर ओळख पक्की, म्हणून पूर्ण एक. तिघांनी लिहिलं तर प्रत्येक जोडीला अर्धा. लेखक जितके जास्त, तितकी रेघ बारीक. न्यूमन यांनीच हा उपाय सुचवला होता.

पण माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग गणिताचा नाहीच. तो आहे नावांचा. आणि आपल्याकडे तर तो फारच अवघड आहे.

कार्डावर परत या. समजा पहिल्या पेपरवर क ने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि तिसऱ्या पेपरवर नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. क चे दोन ठिपके झाले. आता डाव्या त्रिकोणातला क वेगळा आणि ड शी जोडलेला क वेगळा. मधला पूल गेला, जाळ्याचे दोन तुकडे झाले, आणि संगणक सांगतो की बुरशीवाल्यांचा चाळवाल्यांशी काही संबंध नाही. सगळं झालं एका आद्याक्षराने.

उलटही होतं. महाराष्ट्रात 'एस. पाटील' किती असतील? पवार, जाधव, शिंदे, अहिरे, निकम? दोन वेगवेगळे एस. पाटील एकाच ठिपक्यात कोंबले गेले, की जिथे पूल नाही तिथे पूल दिसायला लागतो, आणि तो खोटा एस. पाटील अख्ख्या नकाशातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस ठरतो. न्यूमन यांच्या त्या मेडलाइनच्या जाळ्यातसुद्धा सगळी आद्याक्षरं धरली तर लेखक १५ लाखांच्या वर जात होते आणि फक्त पहिलं आद्याक्षर धरलं तर ११ लाखांच्या आत येत होते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. माणसं तीच, मोजणीत चार लाखांहून जास्त फरक.

बायकांचं तर विचारूच नका. लग्नानंतर आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. तीन आद्याक्षरांतली दोन बदलली. लग्नाआधीचं सगळं काम एका ठिपक्यात आणि नंतरचं दुसऱ्याच ठिपक्यात. एखाद्या बाईची वीस वर्षांची मेहनत नकाशावर दोन लहान ठिपके होऊन पडते. चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, ते वेगळंच. म्हणून २०१२ साली सुरू झालेला ऑर्किड हा संशोधकांचा ओळख क्रमांक मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी काढायला लावते. १६ अंकी असतो, फुकट मिळतो, आणि नाव कितीही बदललं तरी तो बदलत नाही.

संस्थांची नावंही अशीच. आमच्या मुलीने डेटा उतरवून घेतला, संस्थांचं जाळं काढलं आणि धावत आली. "मॅडम, नाशिक दोनदा आलंय!" आलं होतं खरं. इंग्रजीत 'एच' घातलेलं नाशिक एका बाजूला आणि जुन्या पद्धतीने 'एच'शिवाय लिहिलेलं नासिक दुसऱ्या बाजूला, जणू दोन शहरं. मग आम्ही यादी नीट तपासायला बसलो. राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९४ साली नाशिकमध्ये सुरू झालं, १९९८ साली राजगुरुनगरला गेलं आणि पुढे त्याचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय झालं. कांद्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. संगणकाला ते माहीत नाही. एका संस्थेचे तीन ठिपके, आणि शिवाय त्यातला एक दोन नाशिकांपैकी एकात. पिकाचंही तेच: कुणी 'ओनियन' लिहितं, कुणी 'ओनियन्स', कुणी शास्त्रीय नाव 'ॲलियम सेपा'. तीन शब्द, तीन ठिपके, कांदा एक.

हे सगळं एकत्र करायला तिला तीन आठवडे लागले. रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. एका स्तंभात जे लिहिलंय ते, शेजारच्या स्तंभात जे असायला हवं ते. शंका आली की मूळ पेपर उघडून पत्ता बघायचा, ईमेल बघायचा, सहलेखक बघायचे. जाळं काढण्याचं काम नंतर सॉफ्टवेअरने काही सेकंदांत केलं. मला हे प्रमाण योग्यच वाटतं. ज्या प्रबंधात नावं कशी साफ केली याचा एक परिच्छेदही नसतो, त्यातला नकाशा मी पुढे बघत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष अडचण नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं व्हॉसव्ह्यूअर फुकट आहे आणि शिकायला सोपं. गेफी आणि पाजेक हीही फुकट मिळतात. पाजेक हा स्लोव्हेनियन शब्द आहे, अर्थ कोळी, जाळं विणणारा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या पेपरांच्या डेटाबेसना पैसे पडतात, पण जानेवारी २०२२ पासून ओपनॲलेक्स हा मोठा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. लहान कॉलेजातल्या मुलांसाठी ही फार मोठी सोय झाली.

चित्रातल्या रंगांविषयी मात्र सावध करते. सॉफ्टवेअर आपणहून गट पाडतं आणि प्रत्येक गटाला रंग देतं. गट म्हणजे आपापसात दाट रेघा आणि बाहेर विरळ, आपल्या जुन्या नाशकातल्या गल्ल्यांसारखं. पण गल्ली कुठे संपते आणि पेठ कुठे सुरू होते हे ठरवणारं एक बटण असतं. ते थोडं फिरवलं की चार रंगांचे सात होतात. किमान किती पेपर असलेले लेखक घ्यायचे, हेही आपणच ठरवतो. ते पाचावर नेलं की नवोदित माणसं नकाशातून गायब. रंग कुठून आले हे ज्याला सांगता येत नाही त्याने ते चित्र छापू नये.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. या जाळ्यांचा उपयोग आता माणसांना क्रमांक लावायला व्हायला लागलाय. कोणाचा ठिपका मोठा, कोणाला किती बाण. मोजलं जातंय म्हटल्यावर माणसं मोजमापासाठी वागायला लागतात. काही गट एकमेकांनाच उद्धृत करत बसतात. २०१३ साली ब्राझीलमधल्या काही जर्नल्सनी आपापसात संदर्भांची अशी देवाणघेवाण केल्याचं उघड झालं, आणि त्यांना त्या वर्षीच्या क्रमवारीतून वगळण्यात आलं. गंमत अशी की हे पकडलं जातं तेही जाळ्यामुळेच, कारण बाहेर फारशी रेघ न जाता आतल्या आत जाड बाण दिसतात. २०१५ सालच्या लायडन मॅनिफेस्टोमध्ये अशा मोजमापाबाबत दहा तत्त्वं सांगितली आहेत. त्यातलं एक आपण भिंतीवर लावावं असं आहे: स्थानिक गरजेचं संशोधन जपा.

ते का, हे पुन्हा कार्डावरच दिसतं. समजा तिसरा पेपर, तो क आणि ड चा, एखाद्या मराठी परिसंवादाच्या स्मरणिकेत छापला गेला होता. आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये अशी स्मरणिका सहसा नसते. मग तो पेपर नाही, ती रेघ नाही, पूल नाही. नकाशा म्हणणार, या दोन गटांनी कधी एकत्र काम केलंच नाही. खरं तर त्यांनी ते केलं, शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत केलं, आणि म्हणूनच ते दिसलं नाही. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, कृषी विज्ञान केंद्रांचे अहवाल, शेतकरी मेळाव्यांत वाटलेली टिपणं, यात किती पूल दडलेत, ते डेटाबेसमध्ये शोधून सापडायचं नाही. नाशिकसारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की पुढचे कित्येक महिने घराचं गणित त्यावर चालतं, तिथे हा दोष लहान नाही.

तिच्या नकाशात ही गोष्ट अगदी समोर आली. नावं साफ झाल्यावर दोन नाशिकांचं एक नाशिक झालं, राजगुरुनगरचे तीन ठिपके एक झाले, बरेच तुकडे जोडले गेले. रोगांची गल्ली आणि चाळींची गल्ली मात्र तरीही लांबच राहिली. मध्ये एखादी बारीक रेघ. ती म्हणाली, असं असूच शकत नाही, माझ्या वडिलांच्या चाळीत दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी आली होती, मी लहान होते, चहा मीच नेऊन दिला होता.

आमच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. जुन्या परिसंवादांच्या स्मरणिका, बंद पडलेली मासिकं, सायक्लोस्टाइल केलेले अहवाल असं त्यात बरंच काही आहे. किल्ली मी तिला दिली. दोन दिवस ती धूळ खात बसली होती. तिसऱ्या दिवशी एक पिवळी पडलेली स्मरणिका घेऊन आली, मुखपृष्ठ निघालेलं, मधली पानं शाबूत. त्यात एक मराठी टिपण होतं. चाळीतली हवा आणि सड यांचा संबंध सांगणारं, चार पानांचं, दोन लेखकांचं. एक बुरशीवाला, एक इंजिनिअर.

तिने लॅपटॉप उघडला, आपल्या तक्त्यात शेवटी एक नवी ओळ घातली आणि हाताने टाइप करायला घेतलं. दोघांची नावं, आद्याक्षरं नाहीत, पूर्ण. मग संस्था. मग गावाच्या स्तंभात नाशिक, 'एच' घालून.